बाटलीवरची सही

माझा स्वभाव वाईट आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लपवूनही उपयोग नाही, कारण आमच्या प्रयोगशाळेत कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. सव्वीस वर्षं मी इथे तंत्रज्ञ आहे. मुलं येतात, चार-पाच वर्षं राहतात, डॉक्टरेट घेऊन जातात आणि जाताना सगळ्यांच्या लक्षात राहतात ती काकांची बोलणी. झाकण सैल ठेवलं, बोलणी. हातमोजे न घालता काच उचलली, बोलणी. बाटलीवर तारीख नाही टाकली, मग तर विचारूच नका. एकदा एका मुलाला मी इतका झापला होता की त्यानं स्वतःच्या डब्यावरसुद्धा तारीख आणि नाव टाकायला सुरुवात केली.

आमचं काम असं की प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर शाईनं ट्रान्झिस्टर छापायचे. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं बटण, एवढं धरून चाललात तरी पुरे. हे बटण दाबायचं काम करतं एक जेल. त्याला आयन जेल म्हणतात. त्यातला मुख्य माल म्हणजे एक मीठ, पण वितळवावं न लागणारं, बाटलीतच मधासारखं वाहतं असलेलं. त्यात थोडा रबरासारखा पॉलिमर आणि उडून जाणारं सॉल्व्हंट घातलं की झाली शाई. छापली, सॉल्व्हंट उडालं, की मागे जेलचा ठिपका उरतो. दिसायला काहीच नाही, नाकातून गळाल्यासारखा. पण त्या ठिपक्यावरच्या टोकाला, म्हणजे गेटला, दोन व्होल्ट दिले की आतले आयन सरकतात आणि बटण चालू.

या मधाचं एकच दुखणं आहे. ते हवेतलं पाणी पितं. उघडं ठेवा, गुपचूप पीत बसतं, रंग बदलत नाही, वास बदलत नाही. म्हणून शाई करायच्या आधी बाटली दोन दिवस व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ऐंशी अंशांवर ठेवायची, मग झाकण घट्ट लावून वर पट्टी चिकटवायची, पट्टीवर 'सुकवलं' असं लिहून तारीख आणि सही. सही माझी. ओल मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, ते बिघडून वर्षभर दुरुस्तीला पडलंय. तेव्हापासून ती पट्टी हीच तपासणी. माझी सही बघितली की पुढे कुणी काही विचारत नसे.

एक मुलगी सोडून. तिला सगळे टिटवी म्हणायचे. काटकुळी, लांब पायांची, आणि तोंड म्हणून बंद नाही. हे असंच का, तसं केलं तर काय होईल, मागच्या वेळी एवढं आलं होतं, मग आज का नाही आलं. मी वैतागून म्हणायचो, "बये, श्वास घे जरा." ती श्वास घ्यायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. बाटली हातात घेतली की दर वेळी म्हणणार, "काका, सुकलीये ना?" आणि मी दर वेळी म्हणणार, "सही दिसत नाही का? चष्मा लाव." चष्मा तिला नव्हताच. तरी हसायची.

या टिटवीनं एकदा भिजलेले कापडी बूट सुकवायला ओव्हनमध्ये ठेवले. माझ्या ओव्हनमध्ये, बूट! मी आकाशपाताळ एक केलं. सगळ्यांसमोर तिला उभी केली, तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं, 'मी पुन्हा ओव्हनमध्ये खासगी वस्तू ठेवणार नाही', खाली सही घेतली आणि तो कागद ओव्हनच्या दारावर चिकटवला. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, चार दिवसांत विसरेल. ती विसरलीही. कागद मात्र तिथेच राहिला.

त्यानंतर महिनाभरानं आमच्या आईचं कानाचं यंत्र साबणाच्या पाण्यात पडलं. बादलीत कपडे भिजवताना वाकली आणि डुबकन आत. यंत्र बंद पडलं. दुकानदार म्हणाला नवीन यायला महिना लागेल. आईला यंत्राशिवाय जवळजवळ काही ऐकू येत नाही आणि संध्याकाळी मावशीचा फोन आला नाही तर तिचा दिवस संपत नाही. दोन दिवस ती फोन कानाला लावून नुसती "हो, हो" म्हणत बसली. पलीकडून मावशी काय सांगतेय याचा पत्ता नाही. एकदा मावशीनं गुडघा सुजल्याचं सांगितलं तर ही म्हणाली, "वा, छान झालं!" मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी प्रयोगशाळेत पोचलो. ओव्हनमध्ये टिटवीच्या शाईसाठीची बाटली होती, नुकतीच आदल्या संध्याकाळी ठेवलेली. कानाचं यंत्र ऐंशी अंशांत वितळलं असतं, त्याला चाळीसच्या वर चालत नाही. दोन्ही एकत्र ठेवणं शक्यच नव्हतं. मी बाटली बाहेर काढली, तोंडावर टिश्यू टाकून मागच्या टेबलावर ठेवली, यंत्र आत ठेवलं, चाळीस अंश लावले आणि दार बंद केलं. दारावर तो कागद होताच. मी तो वाचला नाही म्हणू नका. वाचला. मनात म्हटलं, आपलं काम वेगळं आहे.

विचार असा होता की यंत्र संध्याकाळी काढायचं आणि बाटली परत आत. संध्याकाळी काढून बघितलं तर भिंगाखाली यंत्राच्या जाळीत अजून ओल दिसत होती. म्हटलं, राहू दे. बुधवारीही राहिलं. हवा त्या आठवड्यात अशी दमट होती की भिंतींना हात लावला तर बोटं ओली व्हायची. आणि बाटली तशीच, टिश्यूखाली, दोन दिवस.

गुरुवारी सकाळी यंत्र खिशात टाकतोय तेवढ्यात टिटवी हजर. "काका, माझी बाटली?"

इथेच मला म्हणता आलं असतं की बाई गं, दोन दिवस थांब. जग बुडलं नसतं. ती फार तर "का?" म्हणाली असती. पण त्या 'का'चं उत्तर माझ्या खिशात होतं आणि तिच्या सहीचा कागद माझ्या पाठीमागे दारावर. माझी जीभ रेटेना. मी मागच्या टेबलावरून बाटली उचलली, झाकण आवळलं, पट्टी चिकटवली आणि लिहिलं 'सुकवलं'. तारीख टाकली. सही केली.

"सुकलीये ना?" तिनं विचारलं.

"सही दिसत नाही का?" मी म्हणालो.

त्याच दिवशी तिनं ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे कोरड्या वायूनं भरलेल्या त्या काचेच्या बंद पेटीत, चोवीस ट्रान्झिस्टर छापले आणि लगेच वरून पातळ फिल्म लावून बंद केले. शुक्रवारी मोजले. दुपारी ती ओरडतच बाहेर आली. चोवीसच्या चोवीस बटणं नेहमीच्या सहापट वेगानं चालू-बंद होत होती. इतका वेग आमच्याकडे कधी कुणाला मिळाला नव्हता. आमच्या प्रमुख मॅडम सहसा खुर्चीतून उठत नाहीत, त्या धावत आल्या. टिटवीनं केक आणला आणि पहिला तुकडा माझ्या तोंडाशी धरून म्हणाली, "काकांच्या बाटलीचा पायगुण!"

मी तो खाल्ला. पाणी प्यायलं की त्या मधातले आयन सैल होतात, भराभर पळतात, हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे? सव्वीस वर्षं मी काय हजामत केली? मला त्याच क्षणी शंका आली होती. पण सगळे हसत होते, मॅडम माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या. म्हटलं, चांगलंच झालंय ना, वाईट तर काही झालं नाही.

सोमवारी टिटवी वही घेऊन माझ्याकडे आली. "काका, वेग मस्त आहे, पण ही गळती बघा. गेटमधून करंट झिरपतोय, नेहमीच्या शंभरपट. असं का?" त्या रकान्याभोवती तिनं लाल पेननं गोल केला होता आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

जेलमध्ये पाणी असलं की गळती वाढणारच. पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं. मी वहीकडे न बघता म्हणालो, "मोजायची सुई नीट टेकवली नसशील. हात थरथरतो तुझा, मी कितीदा सांगितलंय."

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "असेल," म्हणाली.

ही गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त डाचते. सही घाईत झाली असं म्हणता येईल. हे मी सावकाश, चहा पीत पीत केलं.

मॅडमनी निकाल छापायला पाठवला. आमच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेलाही कळवला. पंधराव्या दिवशी त्या चोवीस बटणांनी मान टाकली. पाण्यानं आतून खाल्ली असणार. एकही पुन्हा मोजता येईना. काही हरकत नाही, नवीन छापू, म्हणून टिटवीनं माझ्याकडे नवी बाटली मागितली.

आणि आता मी सुधारलो होतो बरं का! कानाला खडा लावला होता. दोन दिवसांच्या जागी तीन दिवस सुकवू लागलो. झाकणावर दुहेरी पट्टी. टिटवीला माझ्या हातून इतक्या कोरड्या बाटल्या कधी मिळाल्या नव्हत्या. त्यामुळे तिचा वेग नेहमीचाच येऊ लागला, सहावा हिस्सा. तिनं पुन्हा छापलं. पुन्हा तेच. शाईचं प्रमाण बदललं, प्रिंटरची नळी बदलली, फिल्म बदलली. मी जितका चोख वागत होतो तितकी ती खोटी पडत होती आणि मला ते रोज दिसत होतं.

रोज ती बाटली घेताना विचारायची, "काका, सुकलीये ना?" आता ती हसत नसे. मी म्हणायचो, "हो." आणि ते तर खरंच होतं. एकदा तिनं विचारलं, "त्या दिवशीची बाटलीपण अशीच होती ना? काही वेगळं नव्हतं केलं?" मी म्हणालो, "माझ्या कामात वेगळं काही नसतं." वर चिडलोही. म्हणजे चिडल्यासारखं केलं. ती सॉरी म्हणाली आणि गेली.

मी का बोललो नाही? कितीदा बोलायचं ठरवलं. जिन्यात पाठ करून यायचो. पण एक आठवडा गेल्यावर पहिल्या चुकीबरोबर त्या आठवड्याचाही हिशोब द्यावा लागणार होता, दुसऱ्या आठवड्यात दोन आठवड्यांचा. आणि खरं सांगू? मला भीती नोकरीची नव्हती. मला त्या कागदाची लाज वाटत होती. ज्या पोरांना मी झाकणावरून रडवलं, ती पोरं माझ्याकडे बघून काय म्हणतील, एवढ्या एका गोष्टीसाठी मी मूग गिळून बसलो.

घरीही सुटका नव्हती. यंत्र ठणठणीत झालं होतं. आईला आता टाचणी पडली तरी ऐकू यायचं. पूर्वी ती "आज काय झालं रे?" विचारायची, मी काहीतरी पुटपुटायचो, ती मान हलवायची, संपलं. आता ती नीट ऐकायची आणि उलट विचारायची. "त्या पोरीचं जमलं का?" मी म्हणायचो, जमेल.

दहाव्या आठवड्यात दुसऱ्या संस्थेचं पत्र आलं की त्यांनाही तो वेग मिळत नाही. त्यांनी सभ्य भाषेत विचारलं होतं की मूळ आकडे कसे काढले. वर कुणीतरी तीन जणांची चौकशी समिती नेमली. मूळ नमुने मेलेले, आकडे फक्त टिटवीच्या वहीत आणि तिच्या संगणकावर. कुजबुज सुरू झाली. ज्या मुलांनी केक खाल्ला होता तीच मुलं ती आली की गप्प व्हायची.

मॅडम वाईट नाहीत, पण घाबरल्या होत्या. त्यांनी टिटवीला खोलीत बोलावलं. सोमवारी समिती बसायच्या आत एक पत्र लिहून दे, म्हणाल्या, की आकडे जरा 'नीटनेटके' केले. मग मी प्रकरण मिटवते, वर्षभर बाहेर राहशील, नंतर दुसरीकडे कुठेतरी सुरुवात करता येईल. नाही लिहिलंस आणि समितीनं ठरवलं, तर नाव कायमचं गेलं.

हे मला टिटवीनंच सांगितलं. रविवारी दुपारी ती आमच्या घरी आली. कधीची नेलेली माझी छत्री परत द्यायला. छत्री परत करायला कोण रविवारी येतं? मला कळलं, ही निरोप घ्यायला आलीये. डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस विंचरलेले नव्हते.

"पत्र लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "उद्या देते."

"पण तू तर काही केलं नाहीस!"

"काय माहीत, काका." ती शांतपणे म्हणाली आणि तो शांतपणा मला सहन होईना. "अकरा आठवडे झाले. बाटली तीच, प्रिंटर तोच, सगळं तेच. फक्त मीच उरते ना? कदाचित मीच आकडे उतरवताना काहीतरी केलं असेल. इतकं हवं होतं मला ते, की केलं असेल आणि कळलंही नसेल. आता मला खरंच आठवत नाही."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आईला टिटवी आवडली, तिला सगळीच बोलकी माणसं आवडतात. तिला वाटलं पोरगी उदास आहे, जरा हसवावं. कानाकडे बोट करून म्हणाली, "हे बघ, बादलीत पडलं होतं माझं यंत्र. दुकानदार म्हणे महिना लागेल. पण माझा लेक हुशार! तुमच्या त्या भट्टीत दोन दिवस ठेवलं आणि गुरुवारी माझ्या कानात आणून घातलं. मावशीचा वाढदिवस होता ना त्या दिवशी, म्हणून लक्षात आहे." आणि तिनं तारीखसुद्धा सांगितली.

मी कप खाली ठेवला. झालं, म्हटलं. सुटलो एकदाचा. त्या तारखेला तर टिटवीनं ते चोवीस छापले होते, वहीच्या पानावर तिनंच लिहिलेली तारीख. आता ती माझ्याकडे बघेल.

तिनं बघितलंही. तिचा चेहरा हळूहळू उजळला आणि ती खुदकन हसली. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. "काका! ओव्हनमध्ये! खासगी वस्तू!" ती आईला सांगू लागली, "आजी, माझ्या बुटांवरून यांनी मला किती झापलं होतं माहितीये? लिहून घेतलं माझ्याकडून!" दोघी हसत सुटल्या. आई डोळे पुसत म्हणाली, "हा लहानपणापासून असाच आहे, दुसऱ्याला नियम."

मी वाट बघत बसलो. ती चहा प्यायली, आईच्या पाया पडली, चपला घालून गेली. तिच्या डोक्यात आलंच नाही. ज्या पोरीनं प्रिंटरवर शंका घेतली, फिल्मवर घेतली, स्वतःच्या हातावर, स्वतःच्या मनावर घेतली, तिला माझ्या सहीवर शंका घ्यायचं सुचलंसुद्धा नाही. मी दाराला टेकून उभा राहिलो आणि आई विचारत होती, अरे, असा पांढरा का पडलास?

सोमवारी समिती बसली. मी न बोलावता आत गेलो. टिटवी कोपऱ्यात पत्राचं पाकीट घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओव्हन, कानाचं यंत्र, टिश्यू, सही. टिटवीकडे बघायची हिंमत झाली नाही.

सांगून झालं. मग समितीचे अध्यक्ष, एक टक्कल पडलेले सज्जन गृहस्थ, चष्मा काढून म्हणाले, "तुमची भावना आम्ही समजू शकतो. मुलांवर माया असते आपली. पण तिच्यासाठी स्वतःवर खोटं ओढवून घेऊ नका."

"साहेब, खोटं आत्ता बोलत नाहीये हो मी!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही? न सुकवलेल्या बाटलीवर सही? तुम्ही तर झाकण सैल दिसलं की घर डोक्यावर घेता." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

बघा, काय वेळ आली! सव्वीस वर्षं ओरडून ओरडून जे नाव कमावलं तेच आता आडवं आलं. खरं बोललो तर मोठ्या मनाचा ठरलो. मला इतकं ओशाळं वाटलं की त्यापेक्षा चार लोकांनी थोबाडलं असतं तर बरं.

शेवटी मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवूच नका. कुणावरच ठेवू नका. बाटलीला विचारा." मग तसंच ठरलं. एक बाटली मी त्यांच्यासमोर उघडली, टिश्यू टाकून मागच्या टेबलावर ठेवली. खोलीतली दमट हवा त्या आठवड्यासारखीच राहावी म्हणून शेजारी पाण्याचं उघडं पातेलं ठेवलं. दुसरी बाटली ओव्हनमध्ये. खोलीला त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. बुधवारी दोन्ही बाटल्यांची शाई करून टिटवीनं छापलं. कुठली कुठली ते तिला सांगितलं नव्हतं. मोजलं समितीतल्या एका बाईनं.

ओव्हनमधल्या बाटलीच्या फिल्मवर नेहमीचा वेग. टेबलावरच्या बाटलीच्या फिल्मवर सहापट. आणि गळती शंभरपट.

अध्यक्षांनी टिटवीची वही मागितली, ते पान उघडलं, लाल गोल आणि प्रश्नचिन्ह बराच वेळ बघितलं. "ज्याला आकडे खोटे लिहायचे असतात तो हा रकाना असा रंगवून ठेवत नाही," ते म्हणाले. टिटवीचं नाव धुऊन निघालं. पाकीट तिनं तिथेच फाडलं. निकाल अर्थात मागे घ्यावा लागला, विक्रम वगैरे काही नव्हता, नुसतं पाणी होतं. तिचे अकरा आठवडे वाया गेले. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी घडी करून खिशात ठेवली.

सगळे गेल्यावर टिटवी फिल्मचे तुकडे गोळा करत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायची होती.

तिनंच विचारलं. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो. "केक खाल्ला तेव्हापासून."

तिनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडायला हवं होतं, मला सवय आहे.

"मी रोज विचारत होते, काका," ती म्हणाली.

ओव्हनच्या दारावरचा तिचा कागद मी त्याच दुपारी काढला. त्या जागी नवा कागद लावला, तेच वाक्य, खाली माझी सही. पोरांनी पाहिला. कुणी हसलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

परवा तिला नवी बाटली हवी होती. मी दोन दिवस सुकवली होती, मध्ये एकदाही दार उघडलं नव्हतं. झाकण घट्ट, पट्टी सरळ, तारीख, सही. मी बाटली तिच्यापुढे धरली आणि ती विचारेल म्हणून थांबलो. उत्तरही तयार ठेवलं होतं, साधं 'हो', चष्म्याचा विनोद न करता.

तिनं बाटली घेतली. पट्टीवरची सही वाचली. काहीच विचारलं नाही. पट्टी सोलून काढली, झाकण उघडलं, बाटली परत ओव्हनमध्ये ठेवली, ऐंशी अंश लावले आणि दारावर स्वतःची चिठ्ठी चिकटवली: 'शुक्रवारी मी काढेन.' मग खुर्ची ओढून ती वही लिहायला बसली.

मी तिथेच उभा होतो, ती सोललेली पट्टी हातात घेऊन.